मोबाईल येतो पण कॉम्प्युटरसमोर गडबडायला होतं? एक अर्ज टाईप करून प्रिंट काढा

बारावी होऊन एफवायला आलेल्या पोरापोरींना मोबाईल शिकवावा लागत नाही, उलट घरातल्या मोठ्यांना तेच शिकवतात. पण लॅबमधल्या पीसीसमोर बसवून सांगा की बोनाफाईडसाठी मराठीत एक अर्ज टाईप कर, सेव्ह कर, पेनड्राईव्हवर घे आणि प्रिंट काढून आण, की दर पावलाला अडतं. यात हुशारीचा संबंध नाही. मोबाईल बरंच काही झाकून ठेवतो, फाईल कुठे गेली, मेमरी कशाने भरली, कुठलं काम कोण करतंय हे बघायची वेळच येत नाही, आणि कॉम्प्युटरवर मात्र ते सगळं आपल्यालाच बघावं लागतं.

पुस्तकातल्या इनपुट डिव्हाईस, आउटपुट डिव्हाईसच्या याद्या परीक्षेपुरत्या पाठ करा, माझी हरकत नाही. पण खरंच शिकायचं असेल तर हा एक पानी अर्ज धरून सुरुवातीपासून शेवटपर्यंत जा, आणि जिथे अडेल तिथे स्वतःला विचारा की अडलंय कशात? वस्तूत, प्रोग्रॅममध्ये, की पडद्यावर कुठे बघायचं तेच कळत नाहीये? हार्डवेअर, सॉफ्टवेअर, यूजर इंटरफेस म्हणतात ते हेच तीन. हे नीट ओळखता आलं की निम्मं काम झालं, कारण लोक काय करतात, वायर ढिली असते आणि विंडोज नवीन टाकून घेतात, किंवा सेटिंग चुकलेलं असतं आणि कीबोर्ड बदलतात. उदाहरणं विंडोजची देतोय, बहुतेक लॅबमध्ये आणि सायबर कॅफेत तेच असतं.

चालू करताना

मॉनिटर म्हणजे कॉम्प्युटर नाही. मॉनिटरचं बटण वेगळं आणि खोक्याचं वेगळं. त्या खोक्याला सगळेच सीपीयू म्हणतात, दुकानदारपण म्हणतो, तुम्हीही म्हणा, फक्त माहीत असू द्या की खरा सीपीयू म्हणजे आत मदरबोर्डवर, म्हणजे सगळे भाग जोडलेल्या मोठ्या सर्किट बोर्डवर, पंख्याखाली बसलेली एक चौकोनी चिप, तिलाच प्रोसेसर म्हणतात.

मॉनिटरवर 'नो सिग्नल' आलं तर मॉनिटर ठोकत बसू नका, तो चांगला आहे म्हणून तर ते दाखवतोय. त्याला करंट मिळतोय पण खोक्याकडून चित्र येत नाहीये. मग खोक्याकडे वळा. लाईट लागलाय का, पंख्याचा आवाज येतोय का? काहीच नसेल तर मागे जिथे पॉवर केबल घुसते तो एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना करंट पुरवणारा डबा, त्यावर एक छोटं बटण असतं, झाडू मारताना ते बऱ्याचदा बंद होतं. पंखा फिरतोय पण चित्र नाही तर मागची केबल बघा, जुनी असेल तर निळ्या तोंडाची १५ पिनांची व्हीजीए, नवीन असेल तर एचडीएमआय. व्हीजीएचे दोन्ही स्क्रू आवळलेले पाहिजेत. आणि खोक्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवलं असेल तर केबल त्या कार्डाच्या पोर्टमध्ये लागते, मदरबोर्डच्या नाही, इथे कितीतरी जण फसतात.

सुरू होताना मशीन आधी स्वतःची तपासणी करतं, रॅम म्हणजे काम चालू असतानाची मेमरी आहे का, कीबोर्ड आहे का, डिस्क सापडते का. हे काम मदरबोर्डवरच्या चिपमध्ये भरलेला बायोस नावाचा छोटा प्रोग्रॅम करतो, नव्या मशीनमध्ये त्याच्या जागी यूईएफआय असतं. सगळं ठीक असेल तर डिस्कवरून विंडोज उचलून चालू करतं. बीप बीप वाजतंय आणि पडदा काळाच आहे तर बऱ्याचदा रॅमची पट्टी हललेली किंवा तिच्या पिना काळ्या पडलेल्या असतात. घरचं मशीन असेल तर प्लग पूर्ण काढा, खोक्याच्या धातूला हात लावून अंगातली स्टॅटिक वीज घालवा, पट्टी काढून सोनेरी पिना खोडरबरने हलक्या पुसा, चुरा झटका आणि खटकन बसेपर्यंत दाबा. लॅबचं मशीन असेल तर सरांना बोलवा, उगाच उघडू नका.

अजून एक गंमत. रोज सकाळी घड्याळ मागची कुठलीतरी तारीख दाखवत असेल तर मदरबोर्डवरचा गोल सेल संपलाय. सीआर२०३२ नाव त्याचं, ३ व्होल्टचा, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. आता हा छोटासा सेल, पण त्याच्यापायी ब्राउझर सगळ्या वेबसाईटवर 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणून ओरडायला लागतो, कारण वेबसाईटच्या सर्टिफिकेटला अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते आणि तुमचं मशीन जुन्याच सालात अडकलेलं असतं. लोक नेटवाल्याला फोन करून भांडतात, आणि दोष असतो त्या सेलचा.

टाईप केलेलं नक्की असतं कुठे

वर्ड उघडून 'प्रति, मा. प्राचार्य' एवढं लिहिलंत. आता ही अक्षरं कुठे आहेत? पडद्यावर दिसतायत म्हणजे झालं असं नाही, ती आत्ता रॅममध्ये आहेत, आणि रॅमला करंट आहे तोवरच सगळं लक्षात राहतं. लाईट गेली की साफ. डिस्कवरचं मात्र करंट गेला तरी राहतं. सेव्ह करायचं म्हणजे एवढंच, रॅममधलं डिस्कवर उतरवायचं. वर्ड स्वतःहून मधूनमधून रिकव्हरीची कॉपी ठेवतो पण ते अंतर मुळात १० मिनिटांचं सेट केलेलं असतं, आणि १० मिनिटांत माणूस अख्खा अर्ज लिहून बसतो. म्हणून पहिली ओळ लिहिली की लगेच कंट्रोल + एस, मग दर परिच्छेदाला. यूपीएस, म्हणजे लाईट गेल्यावर थोडा वेळ बॅटरीवर चालवणारा डबा, असला तरी तो पुरतो सेव्ह करून नीट बंद करण्यापुरता, त्यावर तासभर काम काढायचं नसतं.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर कंट्रोल + शिफ्ट + एस्केप दाबा, टास्क मॅनेजर उघडतो, त्यात परफॉर्मन्सवर जा. सीपीयू, मेमरी, डिस्क असे आलेख हलताना दिसतील. आता ब्राउझरमध्ये एकापाठोपाठ एक टॅब उघडत जा आणि मेमरीची रेघ कशी चढते बघा, कुठल्याही धड्यापेक्षा हे जास्त पटतं. मेमरी भरत आली की विंडोज जास्तीचं सामान डिस्कवर टाकायला लागतं, आणि डिस्क जुनी फिरणारी हार्डडिस्क असेल तर मग सगळं रांगायला लागतं. डिस्कच्या नावाखाली एचडीडी लिहिलंय की एसएसडी तेही तिथेच दिसतं. हार्डडिस्कमध्ये खरोखरच तबकडी फिरते, मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे, आणि एक सुईसारखा हात त्यावर फिरून माहिती शोधतो. एसएसडीत फिरणारं काही नाही, नुसत्या चिप्स. त्यामुळे मशीन स्लो आहे, टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्क्यांवर चिकटलीये आणि खाली एचडीडी दिसतंय, तर माझं मत सरळ आहे, फॉरमॅट मारून, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकून, पैसे घालवू नका, एसएसडी टाका. फॉरमॅटनंतर चार दिवस बरं वाटतं, तबकडी तीच राहते.

५०० जीबीची डिस्क घेतली आणि विंडोज ४६५ दाखवतंय म्हणून दुकानदाराशी भांडू नका. कंपनी १००० च्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं आणि नाव मात्र जीबीच लिहितं. १ टीबीचे म्हणून ९३१ दिसतात. चोरी कोणी केलेली नाही.

सेकंडहँड लॅपटॉप घेणाऱ्यांसाठी दोन शब्द, कारण हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. 'आय ५ आहे, मस्त चालेल' हे वाक्य अर्धवट आहे. आय ३, आय ५ ही इंटेल कंपनीच्या प्रोसेसरची नावं. कितव्या जनरेशनचा ते विचारा. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग अबाउट, तिथे प्रोसेसरचा पूर्ण नंबर असतो. आय ५ पुढे ३३२० असेल तर तो तिसऱ्या जनरेशनचा, म्हणजे २०१२ च्या सुमाराचा, आणि आय ३ पुढे १२१५ असेल तर तो बाराव्या जनरेशनचा, २०२२ चा. हा आय ३ त्या आय ५ ला सहज मागे टाकतो. शिवाय विंडोज ११ इंटेलच्या साधारण आठव्या जनरेशनपासून पुढेच अधिकृतपणे चालतं आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद केला, तेव्हा जुनं मशीन घेणार असाल तर त्यावर विंडोजच्या जागी उबुंटूसारखं लिनक्स टाकायची तयारी ठेवा. अर्ज, प्रोजेक्ट, ब्राउझिंग सगळं त्यावर होतं, आणि वर्डच्या जागी वापरायचं लिबरऑफिस फुकट आहे.

पडद्यावरच्या खुणा

१९६८ साली सॅन फ्रान्सिस्कोत डग्लस एंगलबार्ट नावाच्या संशोधकाने माऊस लोकांना चालवून दाखवला, १९७३ मध्ये झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात अल्टो नावाच्या मशीनवर खिडक्या आणि माऊस एकत्र आले, १९८४ मध्ये ॲपलचा मॅकिंटॉश आला आणि १९९५ मध्ये विंडोज ९५ ने स्टार्ट बटण आणि खालची टास्कबार आणली. खिडक्या येण्याआधी घरोघरच्या पीसीवर काळ्या पडद्यावर कमांड टाईप कराव्या लागायच्या, त्या पाठ पाहिजेत. खिडक्या आणि मेनू आल्यावर पाठांतर गेलं, पण बदल्यात बघायची सवय लागते, आणि ती मोबाईलवाल्यांना नसते कारण मोबाईलवर एका वेळी एकच ॲप अख्खा पडदा व्यापून बसतं.

काय बघायचं? मेनूतला शब्द फिका दिसतोय तर तो बिघडलेला नाही, आत्ता त्याचं काम नाही एवढंच. कॉपी फिकं आहे म्हणजे तुम्ही काही सिलेक्टच केलेलं नाही. शब्दापुढे तीन टिंबं असतील तर क्लिक केल्यावर लगेच काही होणार नाही, आधी एक खिडकी येऊन तुम्हाला विचारणार, म्हणजे न घाबरता क्लिक करा. छोटा बाण असेल तर आत अजून मेनू आहे. माऊसचा बाण उभ्या दांडीसारखा झाला की तिथे टाईप करता येतं, दोन तोंडांचा झाला की तिथून खिडकी ओढून लहानमोठी करता येते, गोल फिरायला लागला की थांबा, परत परत क्लिक करू नका, नाहीतर तीच गोष्ट पाच वेळा उघडते आणि मग मशीन स्लो म्हणून आपणच ओरडतो. आणि काही सुचलं नाही तर त्या वस्तूवर राईट क्लिक करा, तिच्यावर काय काय करता येतं त्याची यादीच येते.

शॉर्टकट सगळे पाठ करू नका. कंट्रोल + झेड आधी शिका, कारण चूक मागे घेता येते हे कळलं की भीती जाते. मग ऑल्ट + टॅबने उघड्या खिडक्यांमध्ये उड्या मारा, विंडोज बटण + ई ने फाईल एक्स्प्लोरर, आणि जागेवरून उठताना विंडोज बटण + एल, पडदा लॉक.

मराठी टाईप करणं

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो म्हणून जरा थांबतो. सेटिंग्जमध्ये टाईम अँड लँग्वेज, तिथे भाषेच्या पानावर ॲड अ लँग्वेज, मराठी निवडा, इन्स्टॉल करा. आता विंडोज बटण + स्पेसने इंग्रजी-मराठी बदलत राहा, खाली उजव्या कोपऱ्यात कुठली भाषा चालू आहे ते दिसतं. पासवर्ड चुकतोय म्हणून वैतागाल तेव्हा आधी तो कोपरा बघा!

मराठीचे कीबोर्ड, म्हणजे कुठल्या बटणावर कुठलं अक्षर ती मांडणी, दोन तऱ्हेचे मिळतात. फोनेटिकमध्ये इंग्रजी अक्षरांत उच्चार लिहायचा, मोबाईलवर सवय असते तसं. इनस्क्रिप्टमध्ये डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. के वर क, एल वर त, जे वर र, एच वर प, आणि डी वर हलन्त, म्हणजे अक्षराचा पाय मोडायची खूण. शिफ्ट धरलं की के चा ख होतो, एल चा थ, एच चा फ, आणि एन वर ल असतो त्याचा ळ. पहिले काही दिवस चिडचिड होते पण मी तरी इनस्क्रिप्टच शिका म्हणेन, कारण एकदा बसलं की हिंदी, गुजराती, कन्नड सगळ्यांचा क त्याच बटणावर असतो, आणि 'दुसऱ्या' मधला तो अर्धा ऱ्य फोनेटिकवाले शोधत बसतात तो इथे शिफ्ट + जे, डी, मग स्लॅश, इतका सरळ येतो.

आता फाँटचं भूत. जुन्या डीटीपीच्या दुकानांत आणि काही ऑफिसांत अजून कृतीदेवसारखे फाँट चालतात. त्यात काय असतं की मशीनच्या लेखी तुम्ही इंग्रजीच अक्षरं टाईप करताय, फक्त त्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागी मराठीचं चित्र बसवलेलं असतं. तुमच्या मशीनवर छान दिसतं, दुसऱ्याच्या मशीनवर तो फाँट नसला की सगळा इंग्रजी अक्षरांचा चिवडा. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा नंबर आहे, देवनागरीसाठी १२८ जागांचा एक अख्खा गट राखून ठेवलाय, त्यामुळे फाँट बदलला तरी क हा क च राहतो, गुगलवर शोधता येतो, व्हॉट्सॲपवर पाठवता येतो. नवीन काही लिहिताय तर युनिकोडच, मंगल, निर्मला यूआय, कोकिळा कुठलाही घ्या. कोणी जुनी फाईल दिली तर कन्व्हर्टरमधून काढा पण नंतर डोळ्यांखालून घाला, रफार आणि पहिली वेलांटी हमखास इकडेतिकडे झालेली असते.

फाईल, पेनड्राईव्ह आणि झेरॉक्सचं दुकान

सेव्ह करताना खिडकी विचारते कुठे आणि कुठल्या नावाने. घाईत एंटर मारलं की फाईल डॉक्युमेंट्समध्ये भलत्याच नावाने जाते, किंवा वन-ड्राईव्हमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाईन जागेत, आणि मग शोधाशोध. स्वतःच्या नावाचा फोल्डर करा, फाईलला 'बोनाफाईड अर्ज' असं सरळ नाव द्या. सेव्ह ॲज म्हणजे दुसऱ्या नावाने वेगळी प्रत, जुना अर्ज उघडून मित्राचं नाव टाकायचं असेल तर आधी सेव्ह ॲज, मग बदल.

फाईल एक्स्प्लोररच्या व्ह्यूमध्ये जाऊन शो, आणि तिथे फाईल नेम एक्स्टेन्शन्स चालू करा. नावाच्या शेवटी डॉट देऊन असतं ते एक्स्टेन्शन, त्यावरून विंडोज ठरवतं की ही फाईल कशात उघडायची. ते दिसत नसेल तर 'हॉलतिकीट डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' नावाची फाईल तुम्हाला नुसती 'हॉलतिकीट डॉट पीडीएफ' दिसेल, आणि ईएक्सई म्हणजे कागद नाही, प्रोग्रॅम, डबल क्लिक केलंत की तो चालणार.

दुकानात वर्डची फाईल नेऊ नका. तुमच्याकडचा फाँट तिथे नसेल, वर्डचं व्हर्जन वेगळं असेल, ओळी सरकून सहीची जागा दुसऱ्या पानावर जाईल. फाईल, सेव्ह ॲज, प्रकारात पीडीएफ निवडा, दोन्ही प्रती ठेवा. त्याआधी कागदाचा आकार बघा, लेटर असेल तर ए४ करा. लेटर हा अमेरिकेतला आकार, साडेआठ बाय ११ इंच, आपला ए४ म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर, हे जुळलं नाही की प्रिंट कडेला कापली जाते आणि आपण प्रिंटरवाल्याला शिव्या घालतो. प्रिंट आली नाही म्हणून दहादा प्रिंट दाबू नका, सगळ्या रांगेत उभ्या राहतात आणि प्रिंटरमध्ये कागद घातला की एकदम दहा बाहेर येतात, पैसे दहाचे.

पेनड्राईव्ह उपटून काढू नका, विंडोज लिहायचं काम मागे ठेवू शकतं, खालच्या कोपऱ्यातून इजेक्ट करा. पिक्चर कॉपी होत नाही, जागा तर आहे, असं झालं तर पेनड्राईव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला असणार, त्यात ४ जीबी किंवा त्याहून मोठी एक फाईल बसतच नाही, एक्सएफएटी करून घ्या, पण फॉरमॅटने आतलं सगळं जातं हे लक्षात ठेवा. कॅफेतून आल्यावर पेनड्राईव्हमधले फोल्डर नाहीसे होऊन नुसते शॉर्टकट दिसतायत तर तो व्हायरस आहे, शॉर्टकटवर क्लिक करू नका. आधी अँटीव्हायरसने स्कॅन, मग व्ह्यूमध्ये हिडन आयटम्स चालू करा, तुमच्या फाईल्स बहुतेक तिथेच लपवलेल्या असतात.

ऑनलाईन फॉर्मला फोटो द्यायचा असेल आणि 'साईज जास्त आहे' येत असेल तर मोबाईलचा फोटो काही एमबीचा आणि फॉर्मला हवा काही केबीचा असा प्रकार आहे. १ एमबी म्हणजे १०२४ केबी. पेंटमध्ये उघडा, रिसाईझमध्ये पिक्सेल कमी करा, जेपेग म्हणून वेगळ्या नावाने सेव्ह करा, मूळ फोटो राहू द्या.

आणि कॅफेतून उठण्याआधी डाउनलोड्स फोल्डर उघडा. आधार, मार्कशीट, कास्ट सर्टिफिकेट, जे काही तुम्ही तिथे उतरवलं ते सिलेक्ट करून शिफ्ट + डिलीट, नुसतं डिलीट केलं तर रिसायकल बिनमध्ये पडून राहतं. जीमेल आणि व्हॉट्सॲप वेबमधून लॉगआउट करा, नुसता टॅब बंद करणं म्हणजे लॉगआउट नाही, पुढचा माणूस तोच टॅब परत उघडू शकतो, कंट्रोल + शिफ्ट + टी दाबून बघा. घरी आल्यावरही मोबाईलवर व्हॉट्सॲपच्या लिंक्ड डिव्हाईसेसमध्ये एकदा डोकवा, ते मशीन अजून तिथे दिसत असेल तर तिथूनच काढून टाकता येतं.